लांबचा पल्ला

आमच्या भोकरासारख्या तालुक्याच्या गांवीं पन्नाशी उलटलेला प्राध्यापक सायकलवर बसून जातांना दिसला, म्हणजे पाहणारे लोक बहुधा दोनच तर्क करितात. एक तर त्याची मोटारसायकल दुरुस्तीस गेली असावी, किंवा डॉक्टरांनीं त्यास साखरेचा आंकडा सांगून भेवडाविलें असावें. हे दोन्ही तर्क फोल ठरले कीं मग एक प्रश्न येतो, आणि तो आम्हांस स्टेशनच्या रस्त्यावर, आठवड्याच्या बाजारांत, महाविद्यालयाच्या फाटकापाशीं, इतकेंच काय पण एका लग्नाच्या पंगतींतहि विचारला गेला आहे : "सर, एवढ्या लांब सायकलवर जाऊन तिथं मिळतं तरी काय?" मिळत कांहींच नाहीं, हें खरें उत्तर दिलें तर विचारणाराची समजूत पटत नाहीं, आणि एक लहानसें पदक मिळतें पण तेंहि पैसे भरून घ्यावें लागतें, हें त्याहून खरें उत्तर दिलें, तर तो आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहतो ती वर्णन करण्यासारखी नसते.

प्रस्तुत लेखांत त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आमचा मानस नाहीं. छंदाचें समर्थन करूं लागलें कीं छंदाची गोडी निम्मी होते. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळेंच. लांब पल्ल्याच्या सायकल-प्रवासाची पूर्वतयारी करतां करतां मनुष्यस्वभावाची एक गोष्ट आमच्या प्रत्ययास आली, आणि ती सायकलवर कधींहि न बसणाऱ्या वाचकासहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच मांडिला आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण 'सायकलची शर्यत' या शब्दांनीं वाचकाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें त्याच्याशीं याचा संबंध नाहीं. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर असे याचे चार पल्ले असून त्यांची मुदत अनुक्रमें साडेतेरा, २०, २७ आणि ४० तास अशी असते. वाटेंत अंतराअंतरावर ठाणीं असतात. प्रत्येक ठाण्यावर नेमल्या वेळेच्या आंत पोंचून हातांतील पत्रिकेवर त्याची नोंद करून घ्यावयाची. आरंभीं जें घड्याळ चालूं होतें तें शेवटपर्यंत थांबत नाहीं. तुम्ही जेवा, निजा, पंक्चर काढा, नाहीं तर वाट चुकून कोणाच्या उंसांत शिरा. घड्याळास त्याचें सोयरसुतक नसतें. दोन ठाण्यांच्या दरम्यान आपल्या माणसांची गाडी मागें ठेवून तिची मदत घेतां येत नाहीं. जें लागेल तें बरोबर बाळगावें, नाहीं तर वाटेवरच्या दुकानांतून विकत घ्यावें. पहिला कोण आला आणि शेवटचा कोण, याची यादी लावीत नाहींत; मुदतींत आलेले सारे सारखे. एका हंगामांत हे चारहि पल्ले पुरे करणारास 'सुपर रँडोनर' असें भारदस्त नांव मिळतें.

या प्रथेचें माहेर फ्रान्स. १८९१ सालीं पॅरिसहून ब्रेस्ट बंदरास जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारें १,२०० किलोमीटरची शर्यत तेथील एका वृत्तपत्रानें भरविली, आणि शार्ल तेराँ या सायकलस्वारानें ती ७१ तास २२ मिनिटांत, वाटेंत झोप न घेतां, जिंकली. पुढें १८९७ मध्यें कांहीं इटालियन सायकलस्वारांनीं रोम ते नेपल्स हें २३० किलोमीटरचें अंतर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळांत तोडलें. त्यांस 'ऑडॅक्स', म्हणजे धाडसी, असें लॅटिन नांव पडलें. तेंच नांव धारण करणारी संस्था १९०४ मध्यें पॅरिस येथें निघाली, आणि आज जगांत कोठेंहि असा पल्ला पुरा झाला तर त्याची नोंद तिच्याच दप्तरीं होते. आपल्याकडे मुंबई, पुणें, नागपूर, हैदराबाद अशा शहरांतून हे पल्ले आतां नित्य भरतात. मात्र लांबवर सायकल हांकण्याची हौस आपल्यास परक्यांनीं शिकविली असें कोणीं समजूं नये. ऑक्टोबर १९२३ मध्यें मुंबईहून सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेस सायकलवर निघाले होते, आणि त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्यें ती पुरी करून मुंबईस परतले. तेव्हां ना धड रस्ते होते, ना रात्रीं वाट दाखविणारा फोन होता.

नांव धाडसाचें पडलें खरें. परंतु तयारीस बसलें म्हणजे दिसूं लागतें कीं, हें काम धाडसाचें नसून किराणा दुकानदाराच्या चोपडीचें आहे. ६०० किलोमीटरचाच हिशेब पाहा. ४० तासांत ६०० म्हणजे ताशीं १५. एवढ्या वेगानें शाळकरी मुलगाहि सायकल चालवितो. आम्ही सपाट रस्त्यावर ताशीं २० च्या वेगानें दमछाक न होतां जाऊं शकतों. म्हणजे सायकलवर बसण्याचे तास ३० झाले आणि बाकी १० उरले. या दहा तासांत दोन दिवसांचीं जेवणें, एका रात्रीची झोप, ठाण्यांवरच्या नोंदी, पाणी भरणें, ट्यूब बदलणें आणि ज्यांची नांवें छापण्याजोगीं नाहींत तीं देहकृत्यें बसवावयाचीं. एकंदर सोळा वेळां थांबावें लागेल असें धरलें आणि प्रत्येक वेळीं योजल्यापेक्षां दहाच मिनिटें अधिक गेलीं, तर २ तास ४० मिनिटें हातचीं जातात. तीं वेगानें भरून काढावयाचीं म्हटलें तर ताशीं २० ऐवजीं ताशीं २२ च्या वेगानें सबंध पल्ला तोडला पाहिजे. वाचकांस दोन किलोमीटर क्षुल्लक वाटतील. परंतु वाऱ्याशीं झगडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढत असते. वेग एक-दशांशानें वाढविला कीं त्या कामीं शक्ति एक-तृतीयांशानें अधिक खर्च होते. ती पन्नाशीनंतर कोठून आणावी? उलटपक्षीं दहा मिनिटें वांचविण्यास चहाच्या टपरीवरील खुर्चीतून उठणें एवढेंच पुरतें. लांबचा पल्ला पायांनीं जिंकला जातो असें लोकांस वाटतें. वस्तुतः तो खुर्चीतून उठण्यानें जिंकला जातो.

याचें मोठें उदाहरण आपल्याच माणसांनीं घालून दिलें आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारें ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' १९८२ पासून चालत आली आहे. २०१५ मध्यें नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं दोघांचें पथक करून ती मुदतींत पुरी केली. एकट्यानें ती पुरी करण्याचा मान भारतीयांस २०१७ मध्यें मिळाला : लष्करांतील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांस ११ दिवस १८ तास ४५ मिनिटें लागलीं, आणि त्यांच्या मागोमाग कांहीं तासांनीं आलेल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांस ११ दिवस २१ तास ११ मिनिटें. मुदत १२ दिवसांची. म्हणजे एकापाशीं सव्वापांच तास उरले व दुसऱ्यापाशीं तीन तासांनाहि अकरा मिनिटें कमी. दोघांनींहि दररोज अर्धा तास अधिक विसांवा घेतला असता, तर दोघेहि मुदतीबाहेर गेले असते. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. तेथें स्वाराच्या मागें गाडी व सहायकांचें पथक असतें, आणि केव्हां खावें, केव्हां निजावें, केव्हां उठावें हें बव्हंशीं तें पथकच ठरवितें. आमच्या पल्ल्यांत असें पथक नाहीं. तेव्हां त्याची उणीव कशानें तरी भरून काढणें प्राप्त होतें. आम्ही ती एका कागदानें भरून काढितों, आणि या कागदाचीच हकीकत पुढें सांगावयाची आहे.

परंतु त्याआधीं देहाच्या तयारीविषयीं दोन शब्द. भोकरच्या भोंवतालचे रस्ते या कामास फार सोयीचे आहेत. नांदेडच्या बाजूस रहदारीची संवय होते. उमरी-धर्माबादच्या बाजूस सपाट काळी जमीन. आणि हिमायतनगर, इस्लापूर, किनवट या बाजूस सागाचीं जंगलें व चढउतार. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनें लातूर गांठलें तर एकेरी अंतर दोनशेंच्या आसपास भरतें. एका दिवसाची परीक्षा घेण्यास तें उत्तम. आमचा नियम असा कीं, आठवड्याचें एकंदर अंतर एकदम न वाढवितां सुमारें एक-दशांशानेंच वाढवावें, दर चौथ्या आठवड्यास तें कमी करावें, आणि पल्ल्यापूर्वींचे दहाबारा दिवस शरीरास जवळजवळ सुटीच द्यावी. आमच्या वयाच्या मनुष्यानें आरंभापूर्वीं हृदयाची तपासणी करून घ्यावी, हें सांगणें न लगे. सीटची उंची बोटभर चुकली तरी १०० किलोमीटरपर्यंत कळत नाहीं, आणि ३०० नंतर गुडघा तिची आठवण दुसऱ्या कोणासहि होऊं देत नाहीं. म्हणून ती एकदां जुळविली कीं तिच्यावर खूण करून ठेवावी. टायरमधून बाभळीचा कांटा काढण्याचा सराव घरच्या अंगणांत डोळे मिटून करावा, कारण रस्त्यावर तो अंधारांतच करावा लागतो. हिंवाळ्यांत उंसाच्या ट्रॉल्या मागें दिवा नसतांना चाललेल्या असतात. म्हणून पुढचे दिवे दोन, मागचे दिवे दोन, आणि अंगावर चकाकणारें जाकीट, यांवांचून आम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकीत नाहीं.

खाण्याचें शास्त्र त्याहून मनोरंजक आहे. मनुष्याच्या यकृतांत व स्नायूंत मिळून सांठविलेली साखर साधारणतः चारपांचशें ग्रॅम असते, आणि नेटानें सायकल चालविली तर ती कांहीं तासांतच सरते. चरबीचा सांठा अर्थात् पुष्कळ असतो, आमच्या पिढीच्या प्राध्यापकांत तर विशेषच. परंतु त्याचें इंधन सावकाश मिळतें. म्हणून दर तासास तीसपासून साठ ग्रॅमपर्यंत साखर अथवा पिष्ट पोटांत गेलें पाहिजे. यासाठीं परदेशी पुड्या मिळतात. पण अर्धापूरचीं केळीं ज्यांच्या जिल्ह्यांत पिकतात त्यांनीं त्या कां घ्याव्या? दोन केळीं आणि गुळाचा लहानसा खडा, एवढ्यांत तासाचा हप्ता चुकता होतो. आमची आवडती ज्वारीची भाकरी मात्र या प्रवासांत वर्ज्य. ती पोटांत बसून राहते. दहींभात चालतो, मीठ लावलेले शेंगदाणे चालतात. नुसतें पाणी फार वेळ पीत राहणेंहि घातक, कारण घामावाटे मीठ जातें व रक्तांतील क्षार पातळ होतात. म्हणून पाण्यांत लिंबू, मीठ, साखर हवींच. यांत खरी अडचण पदार्थांची नसून भुकेची आहे. दहाबारा तासांनंतर भूक मरते, अन्न पाहून शिसारी येते, आणि नेमकी तेव्हांच शरीरास अन्नाची गरज अधिक असते. 'आधीं पोटोबा मग विठोबा' या म्हणींत पोटोबा स्वतः हांक मारील असें गृहीत धरलें आहे. येथें तो मुका होतो. म्हणून भुकेवर न विसंबतां घड्याळावर विसंबावें : दर अर्ध्या तासास कांहीं तरी खावें, इच्छा असो वा नसो.

येथपर्यंत वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, या सगळ्या तयारीचें सूत्र एकच आहे. प्रवासास निघणारा मनुष्य एक नसून दोन असतात. पहांटे साडेपांचास स्नान करून, घरच्यांचा निरोप घेऊन निघालेला तो एक. आणि दुसऱ्या रात्रीं अडीच वाजतां कोठल्याशा फाट्यावर उभा असलेला तो दुसरा. दोघांचें नांव एक, पत्ता एक, चेहराहि थोडासा सारखा. परंतु बुद्धि सारखी नसते. पहिला शहाणा असतो पण त्याला दमणूक नसते. दुसरा दमलेला असतो आणि त्याला शहाणपण नसतें. मौज अशी कीं, सारे महत्त्वाचे निर्णय या दुसऱ्याच्याच वांट्यास येतात : निजावें कीं पुढें जावें, गुडघ्याची कळ किरकोळ कीं गंभीर, दिवा मंद झाला तो चालेल कीं नाहीं. तेव्हां पूर्वतयारी म्हणजे दुसरें कांहीं नसून, पहिल्या मनुष्यानें दुसऱ्यास लिहून दिलेला हुकूम होय.

आपल्या वारकऱ्यांनीं ही गोष्ट कितीतरी आधीं ओळखली आहे. आळंदीहून पंढरीस जाणारी पालखी सुमारें अडीचशें किलोमीटर चालते. मुक्काम कोठें, विसांवा कोठें, रथाच्या पुढें कोणती दिंडी व मागें कोणती, हें सारें आधींपासून ठरलेलें असतें. एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबांनीं या सोहळ्यास जी शिस्त घालून दिली तिची घडी अजून मोडलेली नाहीं. दुपारच्या उन्हांत पाय भाजत असतां, आज आणखी दोन कोस जावें कीं येथेंच थांबावें, असा प्रश्न कोणाहि वारकऱ्यापुढें येत नाहीं. थकलेल्या माणसाला ठरवावयास लावावयाचें नाहीं, ही त्या व्यवस्थेंतील दया आहे.

आतां कागदाची गोष्ट. आमच्या ३०० किलोमीटरच्या वेळीं एक तरुण सोबती आमच्यापुढें शंभरेक पावलांवर चालला होता. पहांटे चारला उठलेला, आणि आतां मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला. रस्ता सरळ, वाहन नाहीं, वारा नाहीं. त्याचा मागचा तांबडा दिवा हळूहळू डावीकडे सरकूं लागला, आणि पाहतां पाहतां रस्त्याखालच्या चरांत नाहींसा झाला. त्यानें हांक मारली नाहीं, ब्रेक लावला नाहीं. तो पायडल मारतां मारतां निजला होता. गळ्याजवळचें हाड मोडलें, एवढ्यावर निभावलें. १९९७ मध्यें ऑस्ट्रेलियांतील दोघां संशोधकांनीं असें दाखवून दिलें आहे कीं, सतरा तास सलग जागा राहिलेल्या मनुष्याचें अवधान रक्तांत ०.०५ टक्के मद्य असलेल्या मनुष्याइतकें ढळतें, आणि चोवीस तासांनंतर तें ०.१० टक्क्यांच्या बरोबरीस जातें. आपल्या देशांत वाहन हांकणारास कायद्यानें ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे मद्याचा थेंबहि न शिवणारा आमचा तो सोबती त्या वेळीं कायद्याच्या मापानें झिंगलेला होता; आणि त्याच्यामागून चाललेले आम्हीहि.

घरीं आल्यावर ही हकीकत आम्ही जेवतांना सांगितली. आमच्या सौभाग्यवतीनें ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, ताटें उचलली, आणि आम्ही टेबलावर मांडून ठेवलेला पुढच्या पल्ल्याचा तक्ता हातांत घेतला. त्यांत किलोमीटर होते, वेळा होत्या, केळ्यांची संख्यासुद्धां होती. ती म्हणाली, "अहो, हिशेब सगळा केलात, पण कधीं थांबायचं, याचा हिशेब या कागदावर कुठं आहे?"

हा प्रश्न आमच्या इतक्या वर्षांच्या अध्यापनांत कोणा विद्यार्थ्यानें आम्हांस विचारला नव्हता. पुढें जाण्याचा विचार सारेच करितात. मागें फिरण्याचा विचार करणें अपशकुनाचें वाटतें. परंतु मृत्युपत्राच्या आरंभीं 'पूर्ण शुद्धीवर असतांना' असे शब्द लिहावे लागतात, ते उगीच नव्हेत. थांबण्याचा निर्णयहि पूर्ण शुद्धीवर असतांनाच लिहून ठेवावयास हवा. कारण ज्या क्षणीं त्याची गरज पडते त्या क्षणीं ती शुद्धि नसते. (मृत्युपत्राची ही उपमा आम्ही घरांत मोठ्यानें उच्चारली, ती तेथें पसंत पडली नाहीं.) त्याच संध्याकाळीं आम्हां उभयतांनीं बसून त्या कागदाच्या पाठीमागें कलमें लिहिलीं. छातींत कळ अथवा दडपण आल्यास थांबावें. मागचे दोन्ही दिवे गेल्यास थांबावें. दाट धुकें पडल्यास तें विरेपर्यंत थांबावें. गुडघ्याच्या दुखण्यानें पायाची चाल बदलल्यास थांबावें. आणि पांचवें कलम तिचें : रात्रीं प्रत्येक ठाण्यावरून घरीं फोन करावा, ती तीन प्रश्न विचारील. आज वार कोणता? पुढचें ठाणें कोणतें व किती दूर? शेवटचें काय खाल्लें व केव्हां? यांपैकीं एकाचें उत्तर चुकलें किंवा रेंगाळलें तर तेथेंच निजावें. दोनदां तसें झाल्यास सायकल कायमची उभी करावी. वाद घालण्याचा हक्क नाहीं. खालीं आम्ही सही केली.

गेल्या हिंवाळ्यांत ४०० किलोमीटरच्या वेळीं या कागदाची परीक्षा झाली. रात्रीचे अडीच वाजले होते. अंगांत हुडहुडी होती. पण मन मोठें उत्साहांत होतें, आणि आतां थांबण्याचें कारणच काय असें वाटत होतें. फोन लावला. वार सांगितला. ठाण्याचें नांव सांगितलें. किती दूर, या प्रश्नास मात्र ३१८ मधून २७६ वजा करावयाचे होते, आणि ते वजा होईनात. पलीकडे शांतता होती. मग ती म्हणाली, "निजा आतां. चाळीस मिनिटांनीं मी उठवते." आम्ही एका लहानशा गांवच्या एस. टी. निवाऱ्यांत, सायकलचा दांडा हातांत धरून, सिमेंटच्या बांकावर आडवे झालों. रात्र थोडी आणि सोंगें फार अशी स्थिति. परंतु हुकूम लेखी होता. बरोबर चाळीस मिनिटांनीं फोन वाजला. म्हणजे तितका वेळ भोकरास दुसरें कोणी जागें बसलें होतें. उठल्याबरोबर बेचाळीस हा आंकडा आपण होऊन मनांत आला. तो पल्ला आम्ही २५ तास ५० मिनिटांत पुरा केला. मुदतीस १ तास १० मिनिटें शिल्लक होतीं, आणि त्या निजेचे सारे पैसे वसूल होऊनहि कांहीं हातीं राहिलें होतें.

वर ज्यांचा उल्लेख केला त्या गोकुळनाथांस २०१६ मध्यें तीच अमेरिकेची शर्यत अर्धवट सोडावी लागली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पुढच्या वर्षीं ते पुन्हां उभे राहिले तेव्हां ती पुरी झाली. वाट सोडून परतणें ही जर नामुष्की असती, तर पुन्हां उभें राहण्याचें बळ कोठून आलें असतें? जो जिवंत व धड परत येतो त्याच्याच वांट्यास दुसरें वर्ष येतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं विद्यार्थी, दुखणाइताच्या उशाशीं बसलेलें कुटुंब, मुलीच्या लग्नांत ऐपतीपलीकडे खर्च करीत सुटलेला बाप, हे सारे अडीच वाजतांच्या त्या फाट्यावरच उभे असतात. त्यांस सल्ला पुष्कळ मिळतो. पण त्यांच्याच हातचा, ताज्या बुद्धीनें लिहिलेला कागद त्यांच्या खिशांत क्वचितच असतो.

येत्या जानेवारींत ६०० किलोमीटरचा पल्ला आहे. नांदेडहून रेल्वेनें सायकल पाठविण्याची व्यवस्था झाली आहे, जुने टायर बदलले आहेत, रात्रीच्या सरावाच्या दोन फेऱ्या उरल्या आहेत. पल्ला पुरा होईल कीं नाहीं तें आम्ही सांगूं शकत नाहीं. आणि खरें म्हणजे तसें सांगतां येऊं नये म्हणूनच ती पांच कलमें आहेत. कागद स्वयंपाकघरांतील कपाटावर, गॅसच्या पुस्तकाशेजारीं, चिकटविलेला आहे. त्याची दुसरी प्रत आमच्या खिशांत राहील. परवां सहज पाहिलें तों त्या कागदाच्या तळाशीं, आमच्या सहीच्याहि खालीं, निराळ्या शाईनें सहावें कलम वाढविलेलें दिसलें : "पुरा झाला तरी परत येतांना सायकलवर येऊं नये."